शंका कुठे घ्यायची

"ताई, मला वाटतं यांनी मला चुकून घेतलंय."

हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी ते म्हटलं नाही, तरच मी त्याच्याकडे जरा निरखून बघते. बोलणारी कधी लातूरची असते, कधी इचलकरंजीची, कधी डोंबिवलीची. शाळेत कायम पहिली, पुढे आयआयटी नाहीतर पुण्याचं सीओईपी, आणि आता बेंगळुरातल्या एका सल्लागार कंपनीत अ‍ॅनालिस्ट. लेक नक्की काय काम करते हे आईवडिलांना अजून नीटसं कळलेलं नाही. पगाराचा आकडा मात्र सगळ्या भावकीला पाठ आहे.

मी मूळची बेळगावची. अशाच कंपन्यांमध्ये बरीच वर्षं काढली. आता स्वतंत्र काम करते आणि अधूनमधून नव्या पोरांना शिकवते: एक्सेलमधलं मॉडेल कसं तपासायचं, क्लायंटसमोर काय बोलायचं, कुठे गप्प बसायचं. राहते बसवनगुडीत, गांधी बझारच्या मागच्या गल्लीत. या मुलांची ऑफिसं तिकडे आउटर रिंग रोडला. शनिवारी ती मेट्रोनं नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरतात, विद्यार्थी भवनच्या रांगेत तासभर उभी राहतात, आणि डोसा खाऊन माझ्याकडे येतात. पहिल्या कॉफीला सगळं मस्त चाललेलं असतं. खरं काय ते दुसऱ्या कॉफीला बाहेर येतं.

ज्यांच्या घरात कुणी या धंद्यात नाही, त्यांच्यासाठी हा धंदा थोडक्यात सांगते. एखाद्या कारखान्याचा खर्च वाढलाय, एखाद्या बँकेला नव्या जिल्ह्यांत शिरायचंय, एखाद्या सरकारी खात्याला योजना नीट राबवायचीय, अशा वेळी बाहेरची टीम काही आठवड्यांसाठी बोलावतात. टीममध्ये एक पार्टनर, एक मॅनेजर आणि दोनतीन अ‍ॅनालिस्ट. अ‍ॅनालिस्टनं आकडे गोळा करायचे, माणसांशी बोलायचं, स्लाइडी बनवायच्या. त्या स्लाइडींच्या गठ्ठ्याला 'डेक' म्हणतात. शेवटच्या बैठकीत तो डेक मोठ्या साहेबांपुढे मांडायचा, आणि पुढच्या सोमवारी वेगळ्या शहरात, वेगळ्या धंद्यात, पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आता बघा. चोवीस वर्षांची मुलगी होसूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या माणसासमोर बसते. तो तिच्या जन्माच्या आधीपासून तिथं आहे. त्याचा माल कुठे अडतो हे तिनं त्याच्याकडूनच ऐकायचं आणि महिन्याभरानं त्याच्या मालकाला सांगायचं. तिच्या एकेका दिवसाचं बिल क्लायंट भरतोय, हे तिला माहीत आहे आणि स्टोअरवाल्यालाही. अशा खुर्चीत बसून तिच्या मनात शंका आली नाही तर नवल. त्यात दर प्रकल्पाच्या शेवटी लेखी फीडबॅक आणि वर्षाअखेरीला बरोबरीच्या सगळ्यांशी तुलना करून रेटिंग. ठरावीक काळात वरची पायरी चढला नाहीत, तर बाहेरची वाट बघा, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. 'अप ऑर आउट' म्हणतात तिला. आयुष्यभर पहिले येणारे पन्नास जण एका खोलीत कोंडले की त्यांतला एकच पहिला येतो, एवढं गणित या मुलांना येतं. पचत नाही.

या भावनेला मानसशास्त्रात नाव आहे. १९७८ साली अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी तिच्यावर पहिला शोधनिबंध लिहिला. पदव्या, बढत्या, मानसन्मान सगळं मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रिया त्यांनी अभ्यासल्या होत्या. त्यांतल्या कित्येकींना मनातून वाटत होतं, की आपण लोकांना फसवलंय आणि एक दिवस पितळ उघडं पडणार. यश मिळालं तर ते नशिबानं किंवा समोरच्याच्या चुकीनं, आणि अपयश आलं की ते मात्र आपलं खरं रूप. पुढे पुरुषांतही हेच आढळलं. हल्ली सगळे 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात. त्या दोघींनी मात्र सिंड्रोम म्हटलं नव्हतं, कारण हा काही आजार नाही. मला हा शब्द फार हाताळलेला वाटतो. पोरगी रडकुंडीला आली की मॅनेजर म्हणतो, तुला इम्पोस्टर सिंड्रोम झालाय, आणि मोकळा होतो. जी शंका अर्धीअधिक त्या खुर्चीतून आली, ती तिच्या डोक्यातला बिघाड म्हणून तिच्याच पदरात टाकायची. हे मला पटत नाही.

मी या मुलांना वेगळीच गोष्ट सांगते. ती सांगायला मला फार लांब जावं लागत नाही. माझ्या घरापासून बुल टेंपल रोडनं चालत निघालं की नरसिंहराज कॉलनीत गोखले सार्वजनिक विचार संस्था लागते. डी. व्ही. गुंडप्पा, म्हणजे कन्नडिगांचे लाडके डीव्हीजी, यांनी ती १९४५ साली काढली. त्यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांचं कन्नड चरित्रही लिहिलं होतं. १९७० मध्ये सत्कारात मिळालेली पैशांची थैलीसुद्धा त्यांनी या संस्थेलाच देऊन टाकली. बेंगळुरात वाढलेली मराठी मुलं या दारावरून रोज जातात, आणि पाटीवरचा गोखले कोण हे मला विचारतात.

गोखले म्हटलं की आपल्याला उपरणं, चष्मा आणि इतिहासाच्या पुस्तकातला 'मवाळ' हा शिक्का आठवतो. मला आठवतो तो एक तरुण मास्तर. १८९७ च्या एप्रिलमध्ये तो लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्षीला बसला, तेव्हा त्याला एकतीस पुरी व्हायची होती. हिंदुस्थानातला सरकारी खर्च कसा होतो, कुणाच्या खिशातून होतो, हे तपासायला ब्रिटिश सरकारनं नेमलेला हा आयोग. फर्ग्युसनमधला हा प्राध्यापक डेक्कन सभेतर्फे गेला होता. वाटेत कॅलेला अपघात होऊन छातीला मार बसला होता, तो त्यांनी आधी अंगावरच काढला. (हे मी मुलांना मुद्दाम सांगते, आणि असं करू नका हेही.) समोर आयुष्य सरकारी हिशेबांत घालवलेली इंग्रज मंडळी, उलटतपासणी इंग्रजीत, आणि विषय लष्करी खर्चापासून रेल्वेच्या तोट्यापर्यंत. गोखले टिकले. नुसते टिकले नाहीत, त्यांच्या साक्षीचं इंग्रजांनीही कौतुक केलं.

त्यांना जमलं कसं, हे महत्त्वाचं. गोखल्यांच्या पाठीशी न्यायमूर्ती रानडे होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी ठाऊक असतं ते गणेश व्यंकटेश जोशी हे नाव. सरकारी शाळेतले हे हेडमास्तर. सरकारी नोकर, त्यामुळे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे लेख बिननावाचे छापून येत. शेतसारा, चलन, रेल्वे, अंदाजपत्रकं, सगळ्यांचे आकडे या माणसाच्या हाताखालून गेलेले. गोखल्यांची साक्ष तयार झाली ती रानडे आणि जोशी या दोघांच्या तालमीत, आणि पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलतानाही गोखले जोशींना पत्र लिहून आकडे मागवत, तपासून घेत. १९०२ च्या मार्चमधलं त्यांचं पहिलं मोठं भाषण गाजलं. सरकार शिलकीचा आनंद मानत होतं, आणि ही शिलक म्हणजे गरिबांवरच्या जादा कराची वसुली आहे हे गोखले आकड्यांनी दाखवत होते. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

पण या दोन यशांच्या मधे एक खड्डा आहे, आणि माझ्या मुलांच्या कामाचा तो खड्डाच आहे.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सोल्जर घरोघर शिरून तपासणी करत होते, लोक संतापले होते. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. गोखले तेव्हा अजून विलायतेत. पुण्याहून त्यांना पत्रं येत होती. त्यांतल्या माहितीवर विसंबून त्यांनी मँचेस्टर गार्डियनला सांगितलं, की सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. सरकारनं पुरावा मागितला. ज्यांनी पत्रं लिहिली होती ते पुढे यायला तयार होईनात, आणि गोखले त्यांची नावं सांगेनात. ऑगस्टच्या सुरुवातीला, मायदेशी परतल्यावर लगेच, त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. इंग्रज हसले, आणि आपल्याकडच्या कित्येकांनी त्यांना भित्रा ठरवलं. टिळक तुरुंगात होते, त्यामुळे तर ही माफी जास्तच टोचली.

हा माणूस तेव्हा कोसळला असता तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. त्यांनी पुण्यात परत येऊन प्लेगच्या मदतकार्यात स्वयंसेवकाचं काम केलं. आणि दोनतीन वर्षांत ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. (योगायोग म्हणजे तोच प्लेग १८९८ मध्ये बेंगळुरात पोचला, आणि पेठांची दाटी सोडून लोक जिकडे राहायला आले त्या रुंद रस्त्यांच्या नव्या वस्त्यांपैकी एक ही आमची बसवनगुडी.)

आता तीच व्यक्ती, तेच वर्ष, तेच लंडन. एप्रिलमध्ये भक्कम आणि जुलैमध्ये उघडी. फरक बुद्धीत नव्हता आणि आत्मविश्वासातही नव्हता. एप्रिलमधला प्रत्येक आकडा कुठल्या सरकारी पुस्तकातून आला ते त्यांना सांगता येत होतं. जुलैमधली गोष्ट कदाचित खरीही असेल, पण ती ऐकीव होती आणि सांगणारा साक्षीला उभा राहणार नव्हता.

म्हणून मी मुलांना सांगते, की शंका मारू नका, तिची जागा बदला. 'मी इथं बसायच्या लायकीची आहे का?' या प्रश्नाला रात्री दोन वाजता उत्तर नसतं. सकाळी दहालाही नसतं. 'हा आकडा कुठून आला?' याला मात्र कायम उत्तर असतं, निदान शोधता तरी येतं.

त्याची माझी पद्धत अगदी साधी. वहीत तीन रकाने आखायचे: पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज. दिवसभरात हाती आलेली प्रत्येक गोष्ट या तिन्हींपैकी एकात जायलाच हवी. लातूरच्या एका मुलीनं दूध डेअरीच्या कामात एका स्लाइडवर लिहिलं होतं, वाहतुकीत नऊ टक्के नासाडी. तालमीच्या बैठकीत पार्टनरनं सरळ विचारलं, हे नऊ कुठले? ती गप्प. रात्री फोनवर मला म्हणाली, "ताई, माझ्या डोक्यात काहीच राहत नाही. मला हे जमणारच नाही." मी म्हटलं, आधी नऊ कुठले ते सांग. तिला पक्कं आठवत होतं: संकलन केंद्रावरच्या सुपरवायझरनं तोंडी सांगितलं होतं. म्हणजे दुसरा रकाना. स्लाइडवर तिनं तसंच लिहिलं: केंद्रावरच्या लोकांचा अंदाज, मोजणी बाकी. शेवटच्या बैठकीत क्लायंटचाच माणूस म्हणाला, हे आम्ही कधी मोजलंच नाही, आधी मोजून घेऊ. त्या डेकमध्ये बाकी पन्नास स्लाइडी होत्या. काम पुढे सरकलं ते या एका ओळीनं.

'मला माहीत नाही' असं म्हणायला ही मुलं फार घाबरतात. शाळेपासून त्या वाक्याला मार्क मिळाले नाहीत, त्याला ती काय करणार. पण माझा अनुभव असा, की पहिल्या आठवड्यात विचारलेला बावळट प्रश्न सगळे हसून सोडून देतात, आणि तोच पाचव्या आठवड्यात विचारला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून पहिल्या दोनतीन दिवसांत सगळे बावळट प्रश्न संपवायचे. तसंच अर्धवट काम दाखवायचं. चार रात्री एकटीनं झुंजून सजवलेली स्लाइड मॅनेजरनं एका मिनिटात खोडली, की मन मोडतं. कागदावर पेन्सिलीनं काढलेली चौकट खोडली तर काही मोडत नाही.

आणि प्रत्येकाला एक जोशी लागतो. स्वतःच्या कंपनीबाहेरचा असला तर बरा. आपलं रेटिंग त्याच्या हातात नको, आपल्या बढतीशी त्याचा संबंध नको, आणि आकडे मात्र त्याला कळायला हवेत. क्लायंटची गुपितं त्याला सांगायची नाहीत, तेवढं पथ्य पाळायचं. पण आपली विचार करण्याची रीत कुठे लंगडी पडते, हे तो सांगू शकतो. मला विचाराल तर कंपन्या जे मेंटॉर नेमून देतात, त्यांचा यासाठी फारसा उपयोग नाही. ते चांगले असतात, पण तेच रेटिंगच्या खोलीत बसलेले असतात.

दुसरी एक गोष्ट या भागात फार सांगतात, आणि ती ज्या पद्धतीनं सांगतात ते मला आवडत नाही. बसवनगुडीला लागूनच विश्वेश्वरपुरम आहे. मुलं त्याला व्हीव्ही पुरम म्हणतात आणि तिथल्या खाऊगल्लीसाठी ओळखतात. ज्यांचं नाव त्याला दिलं ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, इंजिनिअर झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीच्याच काळात धुळ्याकडे पांझरा नदीतून पाण्याच्या पाइपचा सायफन न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. पावसाळा सुरू झालेला, पुरासोबत वाळू येई आणि केलेलं काम बुजून जाई. विशीतल्या या असिस्टंट इंजिनिअरनं वर कळवलं, की काम पावसाळ्यानंतर करू. वरिष्ठ साहेबाकडून जे उत्तर आलं त्याचा सूर असा, की हे हुकूम टाळणं धरलं जाईल आणि तसा शेरा बसेल. मग त्यांनी त्याच पावसात ते काम पुरं केलं. आठवणींच्या पुस्तकात त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. पुढे १९०९ मध्ये निजामानं मुसीच्या महापुरानंतर त्यांना खास सल्लागार इंजिनिअर म्हणून हैदराबादला बोलावलं, आणि मग म्हैसूर संस्थानात ते चीफ इंजिनिअर आणि दिवाण झाले.

नव्या भरतीच्या भाषणांत ही गोष्ट आली की तिचं तात्पर्य ठरलेलं असतं: बघा, कुरकुर न करता काम केलं. अहो, पण त्यांनी आधी लेखी कळवलं होतं! कारणासकट. नदी, वाळू, पाऊस, सगळं मांडून. काम करणाऱ्याला धोका दिसला आणि त्यानं तो कागदावर ठेवला, हा त्या गोष्टीचा पहिला भाग आहे, आणि तोच नेमका गाळतात. दुसरं असं, की सायफन एक होता आणि तो पुरा झाला की संपणार होता. संपणारा ताण माणूस सोसतो. त्यानं माणूस कधीकधी तयारही होतो. आज ज्या मुलांचं बिनसतं, त्यांचा सायफन संपतच नाही. एका प्रकल्पाच्या शेवटच्या रात्री दुसऱ्याचं बोलावणं आलेलं असतं.

याचं टोक २०२४ मध्ये आपण पुण्यात पाहिलं. मार्चमध्ये एका बड्या कंपनीत लागलेली सव्वीस वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी जुलैमध्ये गेली. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. अतिकामाचा आरोप होता, कंपनीनं तो मान्य केला नाही, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी एकही नोकरीबद्दल बोललं नाही. सगळी आपापल्या आयांचे फोन घेत होती.

त्यामुळे तीन रकान्यांनी सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. वहीनं सुटते ती कामातली शंका. झोप दोन आठवडे सलग उडालेली असेल, जेवण जात नसेल, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडत असेल, आवडत्या माणसाशीही बोलणं नको वाटत असेल, किंवा 'आपण नसतो तर बरं' असं एकदा जरी मनात आलं असेल, तर तो वहीचा विषय नाही, डॉक्टरचा आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. तिचं मध्यवर्ती केंद्र म्हणजे आमच्या बेंगळुरातली निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. निम्हान्सचं नाव काढलं की मराठी घरांत अजून कुजबुज होते. आमच्या गल्लीतल्या कन्नड आजी मात्र, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले म्हणावं तसं, तिथं जाऊन आल्याचं सांगतात.

राहता राहिला सोडायचा प्रश्न. तो विचारताना मुलांचा आवाज एकदम लहान होतो. या धंद्यात आलेले बहुतेक जण काही वर्षांत बाहेर पडतातच, आणि कंपन्याही तेच धरून भरती करतात. कुणी क्लायंटकडेच जातं, कुणी स्वतःचं काढतं, कुणी सरकारी योजनेच्या कामात शिरतं. माझ्याकडे येणारा इचलकरंजीचा एक मुलगा परत जाऊन काकांचा यंत्रमागाचा धंदा बघतो, आणि त्याला उत्पादन खर्चाचे जे तक्ते जमतात ते गावात दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. भावकीला वाटतं तो हरून आला. त्यांना वाटू दे.

फक्त राजीनामा रात्री लिहू नका. आधी दोन रात्री नीट झोपा. मग नेमणुकीचं पत्र काढून वाचा: नोटीस किती दिवसांची आहे, रुजू होताना मिळालेला बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात का, आरोग्य विमा कुठल्या तारखेपर्यंत चालू राहतो, शिक्षणकर्जाचा हप्ता किती महिने हातातल्या पैशांतून निघेल. दोन प्रकल्पांच्या मधे जे रिकामे आठवडे मिळतात त्यांना 'बेंच' म्हणतात, आणि मुलं त्याला शिक्षा समजतात. निर्णय घ्यायचाच असेल तर तो बेंचवर असताना घ्या, आणि मॅनेजरच्या आधी घरी फोन करा.